सतरा नंबरची घोरपड

जंगलाची ओढ ही माणसाची आदिम गरज आहे. फक्त जंगलाने थोडे सांभाळून घ्यायला हवे. ते रविवारी उघडे असावे, त्याला पार्किंग असावे आणि त्यातला वाघ वेळेवर यावा. मूळ जंगलाला ही शिस्त कधीच जमली नाही. म्हणून चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या पुढे, जिथे पूर्वी एक तळे उगाच पसरून पडले होते, तिथे ते बुजवून 'वनानंद' उद्यानाने आपला 'महारण्य पदभ्रमण मार्ग' बांधला.

मार्गाची लांबी अकराशे मीटर. प्राणी सोळा, सर्व फायबरचे, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जन्मलेले. माणूस समोर आल्यावर वाघ चौथ्या सेकंदाला डरकाळी फोडतो, हत्ती सोंडेतून पाणी उडवतो. पेंग्विनही आहे, कारण लोकांनी मागितला (मे महिन्यात त्याचा रंग उडतो). झाडे प्लास्टिकची असल्यामुळे पानगळीचा त्रास नाही. डास मात्र खरे आहेत. ते तळ्याच्या काळापासूनचे रहिवासी असून तळे गेल्याचे त्यांना अद्याप कळवण्यात आलेले नाही.

या अरण्याचे रक्षक होते तुळजाजी. तंजावरकडचे मराठी, वय सत्तावन्न. अंबत्तूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे त्यांनी भांडाराच्या नोंदवह्या सांभाळल्या. कारखाना बंद पडला तेव्हा ते हिरवा गणवेश आणि शिट्टी घेऊन वनरक्षक झाले. नोकरी कच्ची होती. मार्गाच्या शेवटी प्रत्येक पाहुणा फोनवरून प्रत्येक प्राण्याला एक ते पाच तारे देई, आणि सगळ्या प्राण्यांची मिळून सरासरी सहा महिन्यांत साडेचारच्या खाली गेली तर रक्षक बदलायचा, असा नियम होता. प्राणी का बदलायचे नाहीत, असे कोणी विचारत नसे. प्राणी कायम सेवेत होते.

पाचव्या महिन्यात अनर्थ घडला. मार्गावर एक खरा प्राणी आला.

ती घोरपड होती. कुंपणाच्या भिंतीतल्या फटीतून शिरून ती सिमेंटच्या खडकावर ऊन खात बसली. नियमावलीचे कलम नऊ याबाबत स्पष्ट आहे: 'जिवंत प्राण्यांमुळे अरण्याच्या अनुभवास बाधा येत असल्याने त्यांना तात्काळ हुसकून लावावे.' तुळजाजींनी काठी उचलली. घोरपड हलली नाही. मग तेही हलले नाहीत. पाच महिन्यांत प्रथमच त्यांच्याकडे कोणीतरी बटण न दाबता पाहत होते. सरळच सांगायचे तर ती त्यांना आवडली. डब्यातले अर्धे उकडलेले अंडे त्यांनी खडकावर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशीही ठेवले.

आता तिला वाचवायचे कसे? अंबत्तूरच्या भांडारात त्यांना एक ज्ञान झाले होते. नोंद नसलेली वस्तू दिसली की लोक ती फेकून देतात. नोंद असलेली वस्तू जागेवर नसली, तरी तीन सह्यांशिवाय ती वहीतून काढता येत नाही. त्यांनी खडकापाशी '१७. घोरपड' अशी पाटी रोवली आणि मालमत्ता वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले, 'नग एक. स्थिती: चालू.'

घोरपड अधिकृत झाली, म्हणजे तिला तारे लागू झाले. शनिवारी अनिकेत नावाचा एक सॉफ्टवेअरवाला आपली टीम घेऊन आला. सगळ्यांच्या गळ्यात ऑफिसची ओळखपत्रे होती (रानात हरवलो तर कोणत्या कंपनीला परत करायचे ते कळावे म्हणून).

"काका, हिचा सेन्सर गेलाय का?" त्याने टाळ्या वाजवत विचारले. "काहीच करत नाहीये."

"अय्यो, टाळ्या नक्को सार. मनाला आलं म्हणजे ती आपणच हालते."

"म्हणजे कधी?"

"काल दोपारी एकदा हालली."

टीमने सात सेकंद वाट पाहिली. एका प्राण्यासाठी सरासरी चार सेकंद लागतात, तेव्हा लोकांनी कसूर केली असे म्हणता येणार नाही. मग तारे पडले. सोळा प्राण्यांना मिळून सरासरी ४.७, घोरपडीला एकटीला १.२. अभिप्राय असे: 'खोटी वाटते.' 'फिनिशिंग कच्चे.' 'पेंग्विनकडून शिकावे.' सतरा जणांची सरासरी भरली ४.४९.

अनुभव विभागाच्या प्रमुख विद्युलता मॅडम पुण्याहून आलेल्या होत्या आणि स्वभावाने चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांनी आधी चहा मागवला. "काका, सोमवारी तुमची फाईल माझ्या टेबलावर येणार आहे. सतरा नंबर दुरुस्त करून घ्या, नाहीतर भंगारात काढा."

तुळजाजींनी रात्रभर बसून विचार केला नाही. तिथेच, चहा निवायच्या आत केला. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरे अरण्य कोण देणार? ते म्हणाले, "दुरुस्त करू, मॅडम."

गुम्मिडिपूंडीहून वेंकट मेकॅनिक आला. त्याने घोरपडीला स्क्रू कुठे आहेत ते शोधायला हात पुढे केला, तेव्हा ती फुत्कारली. वेंकट गडी धंद्यातला; तो जराही न डगमगता चार पावले मागे पळाला आणि त्याने अहवालात लिहिले, 'आवाज आहे, पण कमी. वेळ चुकते.' उपाय म्हणून खडकाखाली स्पीकर बसवायचे ठरले. घोरपडीचा आवाज साठ्यात नसल्याने वाघाचीच जुनी डरकाळी जोडली. कामाला इथेही तीन सह्या लागत; मॅडमची आणि वेंकटची झाली. तिसरी सही तुळजाजींची होती. त्यांनी ती केली. सही नेहमीसारखीच सुवाच्य आली, याचे त्यांना पुढे फार वाईट वाटले.

पहिल्या डरकाळीला घोरपड उसळून भिंतीच्या फटीत शिरली आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. तिचे तारे ४.६. दुसऱ्या दिवशी ती अंड्यासाठी परत आली, पुन्हा डरकाळी. तिसऱ्या दिवशी ती खडकापर्यंत आलीच नाही, फटीतून नुसती पाहून गेली. चौथ्या दिवसापासून दिसली नाही. अंडे तसेच राहिले, त्याला मुंग्या लागल्या (त्याही बिननोंदीच्या).

तुळजाजींनी वही उघडून 'स्थिती: नाही' असे लिहायला घेतले. पण नोंद बदलायला तीन सह्या हव्यात, आणि उरलेल्या दोघांना कारणच दिसेना. रिकाम्या खडकाला ४.९ तारे पडत होते. 'क्षणभरच दिसली, पण अंगावर काटा आला!' असे चौसष्ट पाहुण्यांनी लिहिले होते. अनिकेत तर दुसरी टीम घेऊन आला.

"काका, आता मस्त झालीय! काय चपळ आहे!"

"सार, तेथें कोणी नाही. ती गेली."

"तेच तर! अगदी खऱ्यासारखी जाते," अनिकेत म्हणाला आणि त्याने पाच तारे दिले.

तुळजाजी सेवेत कायम झाले. अर्धे अंडे ते अजून खडकावर ठेवतात, आणि संध्याकाळी स्वतःच उचलून टाकतात.

हे वाचून ज्यांना घोरपडीविषयी हळहळ वाटली, त्यांचे उद्यान आभारी आहे. फक्त एक बारीकशी बाब नोंदवून ठेवतो. तिचा रंग, तिची लांबी, तिची शेपटी, यातले वर कुठेही काही सांगितलेले नाही. तरी तुम्हाला ती चांगली दिसली. तारे तेवढे देऊन जा.