विहिरीपाशी बंद पडणारी गाडी

“कडूबाभाऊ, आज बी तिथीच बंद पडली. इहिरीपाशी.”

दुसरबीडच्या नाक्यावर कडूबा मिस्तरीच्या गॅरेजात कुलदीपनं ती मोटारसायकल आणली, ती तिसऱ्यांदा. गाडी त्याच्या वडिलांची, अर्जुनरावांची. अर्जुनराव दोन महिन्यांपूर्वी शेतातल्या विहिरीच्या काठावर बसल्या बसल्याच गेले होते, आणि गाडी नेमकी तिथेच येऊन थांबत होती.

“पह्यले पिकअप जाते,” कुलदीप हळू आवाजात म्हणाला, “मंग आपोआप रेस वाढते, कोनी मूठ पिळल्यावानी. अन् खल्लास! पेट्रोल पाहाले झाकन उघडलं, का टाकी सुस्कारा टाकते. डिट्टो बाबावानी. मंग एका किकमधी चालू.”

“भूतबित काही नसते बे. कार्बोरेटरमधी कचरा असन,” कडूबा म्हणाला खरा, पण म्हणताना कुलदीपकडे बघायचं त्यानं टाळलं.

चोराच्या मनात चांदणं! गेल्या वर्षी अर्जुनरावांनी नवा कार्बोरेटर टाकायला सांगितला, तेव्हा या पठ्ठ्यानं भंगारातल्या गाडीचा जुनाच घासूनपुसून बसवला होता आणि नव्याचं रिकामं खोकं त्यांच्या हातात दिलं होतं. वीस वर्षांच्या धंद्यात एवढी एकच लबाडी. पण ती नेमकी मेलेल्या माणसाशी निघाली.

“तुमच्यानं नसन होत तं मेहकरच्या मिस्तरीले दाखवतो,” कुलदीप म्हणाला.

“काऊन? मी मेलो का?” कडूबा खेकसला. मेहकरवाल्यानं कार्बोरेटर उघडला की दोन मिनिटांत ओळखणार आणि दोन दिवसांत तालुकाभर सांगणार.

त्यानं कार्बोरेटर उघडून त्यातल्या जेटमध्ये हवा मारली, फ्लोट नीट बसवला, केबलला तेल दिलं. नाक्यावर दोन चकरा मारल्या. गाडी गुणी बाळासारखी चालली. मग कुलदीपला मागे बसवून तो स्वतःच शेताकडे निघाला.

भर दुपारचे बारा. तुरीच्या शेतात पान हलत नव्हतं. विहीर दिसली आणि गाडीचा दम गेला. कडूबानं मूठ पिळली, इंजिन ढिम्म. घाबरून त्यानं हात सोडला, तर रेस चढू लागली. किंचाळल्यासारखी वर गेली आणि एकदम बंद.

कुलदीपनं खाली उतरून झाकण उघडलं. हुश्श्श. लांब, थकलेला सुस्कारा. कडूबा गाडीवरून उतरला आणि विहिरीकडे तोंड करून त्यानं हातच जोडले.

“काका, चुकलं माह्यं! कार्बोरेटर जुनाच व्हता! खोकं तेवढं नवं व्हतं!”

त्याबरोबर विहिरीच्या कठड्यामागून पदर घेतलेलं एक डोकं हळूहळू वर आलं. कडूबा मटकन खालीच बसला.

पण त्या अन्नपूर्णाबाई होत्या, कुलदीपची आई. पलीकडे बसून मेथीच्या जुड्या धूत होत्या.

तोंड लपवायला कडूबानं कुलदीपच्या हातातलं झाकण ओढून घेतलं आणि थबकला. झाकणाचं हवेचं भोक गच्च बुजलं होतं. बाभळीच्या काट्यानं कोरलं, तर हळद-कुंकू निघालं.

“काकू, तुम्ही रोज गाडीची पूजा करता काय?”

“हाव. त्याइची गाडी हाय ना.”

“अवो, म्हनूनच! टाकीत हवाच जाऊन नाही राह्यली, तं पेट्रोल खाली कसं उतरन? गावातून इथवर पुरते, मंग कोरडं पडता पडता रेस चढते अन् बंद. झाकन उघडलं का हवा आत शिरते, थोच सुस्कारा!” कडूबा आनंदानं उड्या मारायचाच बाकी होता. “कार्बोरेटरचा काहीच दोष नाही!”

“कोन्त्या कार्बोरेटरचा?” कुलदीपनं थंडपणे विचारलं. “जुन्या?”

कडूबाची मान खाली गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

“राहू दे कुलदीप,” अन्नपूर्णाबाई जुड्या झटकत म्हणाल्या. “तुह्या बाबाले ठाऊकच व्हतं.”

“ठाऊक व्हतं?” कडूबानं मान वर केली. “मंग बोलले काऊन नाही काकू?”

“म्हने, चांगला मानूस हाय, आपल्याहून सांगन. म्हनून तं दर बुधवारी तुह्याकडे येऊन बसत.”

कडूबाला ते बुधवार आठवले. काही काम नसताना अर्जुनराव यायचे, चहा घ्यायचे आणि त्याच्याकडे बघत तीनतीनदा विचारायचे, “बाकी काय, कडूबा?”

आणि तो दर वेळी सांगायचा, “बाकी काही नाही, काका.”