मल्लप्पाचा आठ अंकी आकडा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. आज मात्र लिहूनच उठणार आहे.

जळकोटात मल्लप्पाच्या गिरणीत दळण न्यायचं तर आधी पत्र्यावर खडूनं लिहिलेला आकडा वाचावा लागे: ७३९३९१३३. नवख्याला तो मटक्याचा वाटायचा.

"कशानं भाग जातोय का बघा," मल्लप्पा म्हणायचा.

"आधी ज्वारी टाक की."

"टाकतो. तवर तेरानं बघा."

आकड्याची गंमत अशी, की शेवटचा तीन खोडला तरी उरलेल्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. पुन्हा शेवटचा अंक खोडा, पुन्हा तेच. असं थेट सातापर्यंत. "शेपूट तोडत जावा गुरुजी, जित्तंच ऱ्हातंय," असं सांगताना तो चाळणी विसरायचा. सातापुढं एकेक अंक चिकटवत त्यानं तो स्वतः शोधला होता.

आठ अंकांची खात्री करायला साडेआठ हजारांच्या थोडं पुढपर्यंतचे भाजक घ्यावे लागतात. चार हजारांपर्यंतचे त्याच्या बायकोनं, गौराबाईंनी घेतले, पुढचे त्यानं. गौराबाई सातवी शिकलेल्या. भाकऱ्या झाल्या की चुलीपाशीच भागाकार मांडायच्या. त्यांची वही पुरी झाली आणि त्या तापानं गेल्या. मल्लप्पानं आपली वही दीड वर्षानं संपवली आणि दोन्ही माझ्याकडं आणल्या.

"गावात गणिताचं मास्तर तुमीच. बराबर हाय, एवढं लिवून द्या."

मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण असला आकडा मला कधी सापडला नव्हता. ते डाचत होतं. आठवडाभर वह्या ठेवल्या, उघडल्याच नाहीत, आणि सांगितलं, "पुस्तकात पाहिलं. भाग जातो. वहीत कुठंतरी चुकलंय."

"कशानं जातोय?"

"ते तू शोध."

त्यानं स्वतःची वही पहिल्या पानापासून तपासली. वर्ष गेलं. एक चूक निघाली नाही.

"मग दुसरी वही बघ," मी म्हणालो.

मल्लप्पानं पट्ट्यावरचं पीठ झाडलं. "न्हाय गुरुजी. तिची चूक म्या काढणार न्हाय. आकडा गेला तर जाऊ द्या." आणि ओल्या फडक्यानं त्यानं पत्रा पुसून काढला.

त्या दिवसापासून मी घरी बसून सगळे भागाकार केले, गौराबाईंचेही. चार महिने लागले. कशानंच भाग गेला नाही.

दळणाचा डबा घेऊन सांगायला गेलो. गिरणी चालू होती. मी बोललो, त्यानं कानाशी हात नेला. "काय म्हणता?"

"बारीक दळ," मी म्हणालो.

असं तीनदा झालं. मल्लप्पाला जाऊन आता दोन वर्षं होतील. सांगायचं होतं ते एवढंच: मल्लप्पा, मी कुठलंही पुस्तक पाहिलं नव्हतं. गौराबाई कुठंच चुकल्या नव्हत्या. मला माफ कर.