सोपानभाऊ आणि शाफ्टची जाडी

दारात गाडी थांबली की माणसं आत कोण बसलंय ते बघतात. आमचे शेजारी सोपानभाऊ आधी गाडीखाली जातात. पुतणीच्या लग्नात ते पांढऱ्या कपड्यांनिशी नवरदेवाच्या पिकअपखाली शिरले ते अक्षता पडेपर्यंत तिथेच. बाहेर आले तेव्हा पाठभर ग्रीस. मांडवात सर्वांदेखत म्हणाले, "पोरगं बरं हाय. शाफ्ट बारीक हाय."

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी, सतत फिरणारी लोखंडी नळी. इंजिनाचा जोर तिच्यामार्फत चाकांना पोचतो. आमच्या टाकवे गावात हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे, कारण सोपानभाऊ दुसरा विषयच काढू देत नाहीत. उभा जन्म कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेला. निवृत्त झाले, कारखाना सुटला आणि आम्ही सापडलो.

"मास्तर, शाफ्टची जाडी दुप्पट केली तर ताकद किती वाढंल?" एकदा त्यांनी मला अडवलं.

"दुप्पट."

"आठपट! आन् तुमी पोरांना गनित शिकवता!"

घरी येऊन ताडून पाहिलं. बरोबर निघालं. माणूस आणखीच डोक्यात गेला.

त्यांचा खास राग पलीकडच्या शंकरवर. हा पिकअपमधून लोणावळ्याच्या बंगल्यांवर फरशी वाहतो. जास्त माल बसावा म्हणून त्याने मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकले, मोठे टायर चढवले, वर निळे दिवे लावले. शाफ्ट मात्र होता तोच. भाऊ रोज सकाळी कुंपणावरून सुनवायचे, "मांड्या पैलवानाच्या, कंबर मुंगीची! पिळवटंल येक दिस." शंकर हॉर्न वाजवून उत्तर द्यायचा. मी अर्थातच हॉर्नच्या बाजूने.

आणि एके दिवशी भुशी धरणाच्या पुढच्या चढावर, फरशीने गच्च भरलेल्या गाडीचा शाफ्ट खरंच पिळलेल्या टॉवेलासारखा मुरगळला. ब्रेक लागले म्हणून निभावलं. दुपारी गाडी ओढून घरी आणली. आता भाऊ पेढे वाटणार, असं मला वाटलं.

भाऊ आले, खाली शिरले, बाहेर आले. टोमणा नाही. "आईचा वार कंदी हाय?" एवढंच विचारलं. शंकरची आई आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिसला जाते, याच गाडीतून.

"उद्याच. रिक्षा बघतो."

"रिक्षात हाडं खिळखिळी व्हतील म्हातारीची."

भाऊंच्या अंगणात शंकरच्याच जातीची पिकअप उभी असते. तिचा जाड शाफ्ट त्यांनी समोर उभं राहून बनवून घेतलेला. त्या गाडीला ते कुणाला हात लावू देत नाहीत. त्या दुपारी त्यांनी तोच शाफ्ट उतरवला आणि शंकरच्या गाडीला बसवायला घेतला. शंकरला खाली मान घालून उभं राहिलेलं पाहून खेकसले, "बघतुयास काय? आईला जेवाय घाल जा."

मग नट पुसून द्यायला मीच उरलो.

"भाऊ, आता तुमची गाडी?"

"मला कुटं जायचंय, मास्तर?" ते गाडीखालूनच बोलले. "मालकीन व्हती तवर दर गुरुवारी शिरगावला साईबाबांना जायचो. आता शेजारच्या शिटावर बसाय कोन हाय?"

पाना थांबला होता. मी वाकलो, आणि पुढचा नट पुसून त्यांच्या हातात दिला.