भिमाजीची दाढ आणि लंकाबाईची साक्ष

दाताचा डॉक्टर दात बघत नाही, माणूस बघतो, हे खर्ड्याच्या भिमाजीला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याच टोळीतल्या भागवतनं नुसतं "ऊसतोडीला जातो" म्हटलं आणि पाच मिनिटांत त्याची दाढ ताटलीत पडली! टोळीवाला सहा महिने परत यायचा नाही, मग काढलेली बरी, असं डॉक्टर म्हणाले.

"आपली न्हाई जायची! चावायला तेवढी एकच जोडी उरलीय," भिमाजीनं जाहीर केलं. गावातल्या गुरुजींची उसनी पँट, शर्ट, खिशाला पेन, असा नटून तो नगरला निघाला. सोबत थोरली बहीण लंकाबाई. तिला एकच अट, "आक्का, तिथं गप बसायचं!"

डॉक्टर मॅडमनी खुर्चीत आडवं केलं. "काय करता?"

"सुप्याला कंपनीत सायेब हाय."

"गोड खाता?"

"शिवत न्हाई!"

"दुखते?"

"कवातरी. पावन्यासारखी येती न् जाती."

मॅडम खूश! "कीड थोडीच दिसतेय. औषध लावते, सहा महिन्यांनी बघू."

बाकावर लंकाबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. तो बोळा सुटला.

"शिवत न्हाई? आवं बाई, दिसाला अकरा कप च्या पितो, पाकासारखा गोड! ह्याची बायकू रंगुबाई गेल्यापासनं चुलीवर दुसरं कायबी चढत न्हाई."

मॅडमनी आरसा पुन्हा आत घातला. "मग थांबून चालणार नाही. आजच भरायला हवी."

भिमाजी ओरडला, पण तोंडात औषधाचा कापूस! नुसतं "आं, आं!" निघालं. आक्काला वाटलं, भाऊ होकार देतोय.

"न् कवातरी कसली? रातभर गाल धरून फेऱ्या मारतो. गल्लीतली कुत्रीबी झोपंनात!"

"म्हणजे कीड आतल्या शिरेपर्यंत गेलीय. रूट कॅनल. चार वेळा यावं लागेल."

"चार येळा? परवा तर ह्याच्या ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघतोय!" आक्का म्हणाली.

मॅडमनी भिमाजीच्या खिशाच्या पेनाकडे बघितलं. "साहेब ऊस तोडतात?"

"तोडतो, न् दातानं सोलतो बी!"

"अहो, अर्धवट सोडून गेलात तर गालाचा भोपळा होईल. काढलेलीच बरी."

दाढ तीच, खड्डा तोच, आणि पाऊण तासात ती बोटभर औषधावरून थेट चिमट्यापर्यंत पोचली! भिमाजीनं कापूस थुंकून हात जोडले. "बाई, हिच्यावरच भाकर खातो वो! कायबी करा, पन वाचवा!"

मॅडम विरघळल्या. "आज सुरुवात करते. पुढचं कारखान्याजवळच्या डॉक्टरकडे, चिठ्ठी देते. पण यांना दर आठवड्याला नेणारं, चहा सोडायला लावणारं घरात कुणी आहे?"

"मी हाय की!" लंकाबाई उभीच राहिली. "आजच टोळीत नाव घालते! सहा महिने ह्याच्याच पाचटाच्या खोपटात ऱ्हाते. च्या बंद, ऊस बंद, न् सकाळ-संध्याकाळ आ करायला लावून बॅटरीनं बघते!"

"झालं तर! वाचली दाढ," मॅडम म्हणाल्या.

भिमाजीनं एकदा आक्काकडं बघितलं. मग निमूट खुर्चीत पाठ टेकली आणि आपणहून आ वासला.

"बाई, उपटाच!"