झेलला तर एडची जागा तुझी!

"अरे, ओव्हनमधला ट्रे काढायचे जाड हातमोजे घालून मी तो चेंडू झेलला असता! तेही एका हातात बशी धरून!"

असं वांडा गोरस्की शुक्रवारी भर क्लबात म्हणाली, आणि पुराव्यादाखल तिने माशाची बशी उंच धरली. आमच्या लॅकवॉना गावात शुक्रवारी सगळे क्लबात तळलेला मासा खायला जमतात, असं आपलं म्हणायचं. जमतात ते रविवारच्या सामन्यावर भांडायला. मासा बिचारा साक्षीला असतो.

त्या हिवाळ्यात भांडायला विषय एकच होता: टेरेल ब्रूसार्ड. लुइझियानाच्या उन्हातून आमच्या संघात आलेला, कोवळ्या मिशीचा पोरगा. आमच्या हाताने खेळायच्या अमेरिकी फुटबॉलात रिसीव्हरचं काम सांगायला सोपं. कडेने सुसाट पळायचं, लांबून फेकलेला चेंडू झेलायचा आणि सोडायचा नाही. टेरेल पळायचा असा, की समोरचे खेळाडू आपल्या बुटांकडे बघत राहायचे. चेंडू यायचाही बरोबर हातात. आणि तिथून ओल्या साबणासारखा सटकायचा!

"थंडीने बोटं आखडतात त्याची," काझ म्हणाला. काझ हा वांडाचा धाकटा दीर, शेजारच्याच घरात राहणारा. "जरा दम धर, वहिनी. पोरगा सोनं आहे."

"सोनं? लोणी आहे लोणी! बोटांना चोपडून येतो मैदानात!"

"सगळेच काही एडसारखे नसतात गं."

एडने जन्मात काही खाली पडू दिलं नव्हतं. जिन्यावरून किल्ल्या, फळीवरून डबे, बागेतून टोमॅटो, वांडा न बघता भिरकावायची आणि तिचा नवरा न बघता झेलायचा. असा त्यांचा संसार झाला. एड जाऊन तीन वर्षं झाली, तरी स्टेडियममध्ये तिच्या शेजारची त्याची जागा तिने कुणाला दिली नव्हती. दर सामन्याला तिथे एडची लोकरी टोपी बसायची. आणि एडचा सख्खा भाऊ काझ बसायचा पार वरच्या टोकाला. तिथून खेळाडू सांडलेल्या मिऱ्यांसारखे दिसतात!

"चल, पैज," काझ म्हणाला. "रविवारी पोराने एक चेंडू झेलला, तर एडच्या जागेवर मी बसणार."

कढईतला मासासुद्धा चुरचुरायचा थांबला म्हणतात.

"झेलला तर एडची जागा तुझी!" वांडा बोलून गेली, आणि मग तिने बशी खाली ठेवली. आता हा पोरगा पुन्हा पुन्हा चेंडू पाडो, अशी प्रार्थना करायची वेळ तिच्यावर आली होती. आणि कोचने तर जाहीर सांगितलं होतं, ही त्याची शेवटची संधी. रविवारी चुकला, तर सोमवारी सामान बांधायचं.

शनिवारी गावालगतच्या सरोवरावरून बर्फ आला. आला म्हणजे काय, कुणीतरी आभाळाची उशी उसवावी तसा आला! रविवारी सकाळी आमची गल्ली गायब. गाड्यांच्या जागी पांढरे हत्ती झोपलेले.

काझने खिडकीखालून हाक मारली. "वहिनी! टेरेल अडकलाय! त्याचं दारच उघडत नाही. स्टेडियमवरून निरोप आलाय, ज्याला जमेल त्याने पोराला आणून पोचवा!"

टेरेल आमच्याच गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायचा. वांडा कॉफीचा कप धरून उभी राहिली. आपण नुसतं घरात बसून राहिलं, की पोरगा खेळणार नाही. खेळला नाही की झेलणार नाही. एडची जागा शाबूत! हा विचार कॉफीचा एक घोट घशाखाली जाईपर्यंत टिकला. मग तिने बूट चढवले.

"नालायक असला तरी आपला नालायक आहे!" असं म्हणत तिने फावडं उचललं.

बाहेर बघते तर अख्खी गल्ली फावडी घेऊन हजर! शुक्रवारी ज्यांनी टेरेलला पहिल्या बसने घरी धाडायला सांगितलं होतं, तेच घाम गाळत होते. अखेर दार फटीएवढं उघडलं आणि टेरेल बाहेर आला. अंगात टोपडं असलेला स्वेटर, पायात चपला!

"फार उपकार झाले, मॅम."

पण त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? वाद सुरू झाला होता.

"तो चेंडू हातात यायच्या आधीच पळायला बघतो," शेजारची रोझलिन म्हणाली.

"छे! हात फार पुढे काढतो," तिचा नवरा ब्रूनो म्हणाला.

"त्यालाच विचारा ना!" काझ म्हणाला.

"त्याला काय विचारायचं? त्याला कळत असतं तर झेलला नसता?" ब्रूनो उसळला.

"मी डोळे मिटतो," टेरेल हळूच म्हणाला. "शेवटच्या क्षणी. आपोआप मिटतात."

"तू मधे बोलू नकोस," वांडाने त्याला दटावलं. "मोठी माणसं बोलतायत!"

आता त्याला न्यायचं कसं? एडच्या ट्रकला पुढे बर्फ लोटायचं भलंथोरलं पातं होतं. वांडा आपल्या घराच्या पायरीवर उभी राहून पोरासाठी बटाट्याचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, डब्यात भरत होती. डबा भरता भरता ती ओरडली, "जा, ट्रक सुरू कर!" आणि न बघता किल्ली भिरकावली. आयुष्यभराची सवय!

"नको!" काझने आरोळी ठोकली.

पण किल्ली निघाली होती. भुरभुरत्या बर्फातून ती सुरेख कमान करून गेली. टेरेलने हात पसरले. डोळे मिटले. आणि किल्ली दिसेनाशी झाली.

"अगं वहिनी! अख्ख्या अमेरिकेत एकाच माणसाकडे काही फेकू नये, आणि तू नेमकं त्याच्याकडेच फेकलंस!"

"सवय रे!"

"दुसरी किल्ली कुठाय?"

"त्याच कड्यात."

"त्याच कड्यात? का?"

"हरवू नये म्हणून!"

मग गल्लीने बर्फ चाळायला घेतला. अगदी शब्दशः! रोझलिनने पिठाची चाळण आणली, ब्रूनोने धातू शोधायचं यंत्र आणलं. यंत्र किंचाळलं, सगळे धावले, आणि निघाली बिअरच्या बाटलीची झाकणं. टेरेल गुडघ्यावर बसून हातांनी बर्फ उपसत होता.

"लोक बरोबर बोलतात, मॅम," तो म्हणाला. "माझ्या हातात काही टिकत नाही. मी आपला घरी जातो."

वांडाने त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. थंडीने त्याचे कान बीटासारखे झाले होते. तिच्या खिशात एडची टोपी होती, जागेवर ठेवायची. ती तिने काढली आणि त्याच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली.

"एडची ती बर्फावरची फटफटी आहे की, स्नोमोबिल," काझ पुटपुटला.

"ती तीन वर्षं बंद पडलीय."

काझ आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "बंद नाही पडली. तू चर्चला गेलीस की मी येऊन ती सुरू करून ठेवतो. एडने सांगून ठेवलं होतं. तुला कधी लागली तर..."

"मग मला सांगायला काय झालं होतं?" वांडा त्याच्यावर खेकसली. खेकसली नसती तर रडली असती.

स्नोमोबिल पहिल्याच झटक्यात गुरगुरली. काझचे गुडघे गेलेले, तेव्हा चालवायला राहिली वांडा.

"तुम्हाला चालवता येते, मॅम?" टेरेलने मागे बसता बसता भीत भीत विचारलं.

"सत्त्याहत्तर सालच्या हिमवादळात मी अशाच यंत्रावरून गल्लीभर दूध पोचवलंय! कंबर घट्ट धर. आज मला तरी सोडू नकोस!"

आणि ती सुटली! एक टपालपेटी आडवी झाली, कुणाच्या तरी कुंपणाचा भांग पाडला गेला, चौकातल्या पोलिसाने आधी शिट्टी फुंकली आणि मग मागचा माणूस ओळखून सलाम ठोकला.

"डोळे उघडे आहेत का?" वांडा ओरडली.

"बर्फ जातोय, मॅम!"

"जाऊ दे! मिटलेस तर इथेच उतरवीन! आता फांदी येतेय, बघ तिच्याकडे!"

अशी तालीम घेत घेत दोघं वेळेत पोचली.

स्टेडियममध्ये सगळे आपापली बाकं उकरत होते. काझ आणि मंडळीही मागाहून उगवलेल्या ब्रूनोच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरवरून येऊन पोचली. सामना सुरू झाला. टेरेलकडे पहिला चेंडू आला आणि पडला. "घरी जा!" चहूकडून गलका झाला. वांडाने सवयीने तोंड उघडलं होतं, ते तिने पिरोगी कोंबून बंद केलं.

सामना संपत आला तेव्हा पुन्हा चेंडू आला, फिरत फिरत, पांढऱ्या धुरळ्यातून.

"डोळे!" वांडा इतक्या जोरात किंचाळली, की पुढच्या रांगेतल्या माणसाची कॉफी सांडली. पैजेची तिला आठवणही नव्हती.

टेरेलने चेंडू झेलला! छातीशी धरला, त्याच्यावर लोळला, आणि पंच मागायला आले तरी देईना. सामना आम्ही दणदणीत हरलो, पण लोक अशा मिठ्या मारत होते जणू चषक घरी आलाय.

वांडाने शेजारच्या रिकाम्या जागेवरचा बर्फ हाताने झाडला. वरच्या टोकाकडे वळून हाक मारली, "काझ! खाली ये! बस इथे."

काझ अगदी कडेला बसला, पाहुण्यासारखा. "आभारी आहे, वहिनी."

"तू कसले आभार मानतोस! यंत्र कुणी जिवंत ठेवलं? नीट टेकून बस."

एवढ्यात टेरेल कपडे बदलून कठड्याखाली धावत आला. डोक्यावर एडची टोपी, दात सगळे बाहेर.

"मॅम! किल्ली माझ्या स्वेटरच्या टोपड्यात होती! बर्फाच्या गोळ्यात अडकून! म्हणजे मी झेललीच की!"

आणि त्याने किल्ली वर फेकली. अशी अलगद, अशी नेमकी, की तान्ह्या पोरानेही झेलावी. वांडाने जाड हातमोज्यांतले दोन्ही हात पसरले. किल्ली बरोबर त्यांत आली. आणि तिथून ओल्या साबणासारखी सटकून बाकाखालच्या बर्फात गडप झाली.

मग अख्खी रांग एका सुरात ओरडली, "घरी जा, वांडा!"

काझ कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून बाकाखाली बर्फ उकरू लागला. "ओव्हनचे हातमोजे घालून झेलणार होतीस ना गं, वहिनी?"

"डोळे मिटले रे," वांडा म्हणाली. "आपोआप."