समोरच्या इमारतीतलं सत्तांतर

प्राध्यापकांचा डावा पाय प्लास्टरमध्ये अडकला होता आणि डोकं एका लेखात. पाय मोडला कॉलेजच्या जिन्यावर, मागून येणाऱ्याला मान वळवून मुद्दा समजावताना. लेख होता एका त्रैमासिकासाठी. विषय असा, की परक्या देशातली राजवट, जमिनीवर एकही सैनिक न उतरवता, बदलता येते का? संपादकांनी महिन्याची मुदत दिली होती, डॉक्टरांनी दीड महिन्याची.

लेख पहिल्या वाक्यालाच अडला होता, कारण रोज पहाटे पाचला समोरच्या इमारतीतला पंप सुरू व्हायचा. तो आधी खोकायचा, मग घरघरायचा आणि मग पाऊण तास असा गर्जायचा की प्लास्टरच्या आत, जिथे बोट पोचत नाही नेमकं तिथेच, खाज सुटायची.

पंप लावणाऱ्याला सगळे मामा म्हणत. समोरच्या इमारतीचे रखवालदार, माळी, नळदुरुस्तीवाले, सगळं तेच. तिथे कमिटी होती, अध्यक्षीणबाई होत्या, पण राज्य मामांचं होतं. पाणी कुणाला किती वाजता, गाडी कुणाची कुठे, गच्चीची किल्ली कुणाला मिळणार आणि कुणाला 'बघू' मिळणार, हे सगळं मामा ठरवत. कुंपणाच्या भिंतीलगत त्यांनी चौदा व्हॉल्वना चौदा रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. प्राध्यापकांच्या खुर्चीतून तिसऱ्या मजल्यावरून ते सगळं दिसायचं, एखाद्या परक्या देशाच्या झेंड्यांसारखं.

"अहो, सांगा की त्यांना, जरा उशिरा लावा म्हणून," बायको म्हणाली.

"मी जाऊ? या पायाने?"

"मग मी सांगते. रोज भेटतात मला."

"अगं, सांगून का कुठे राजवटी बदलतात?"

हे बोलले आणि प्राध्यापकांना एकदम सुचलं. प्रयोग! लेखासाठी जिवंत उदाहरण! "सगळे तज्ज्ञ म्हणतात, पायदळ घुसवल्याशिवाय सत्तांतर होत नाही," ते म्हणाले. "मी म्हणतो, होतं. थोडा दबाव, थोडा प्रचार आणि आतल्या नाराज लोकांना थोडी हवा. या खुर्चीतून न उठता महिन्याभरात करून दाखवतो की नाही बघ."

"आणि मामांचं काय?"

"हे बघ, मामा ही इथे व्यक्ती नाही. ती एक व्यवस्था आहे."

"त्या व्यवस्थेने परवा माझी गॅसची टाकी तीन मजले वर आणून दिली," बायको म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

पहिलं पत्र पंपाच्या आवाजाबद्दल होतं. दुसरं चिंध्यांबद्दल : 'इमारतीच्या शोभेला बाधा येत असून सदर चिंध्या तत्काळ काढाव्यात.' तिसरं गच्चीच्या किल्लीबद्दल, त्यात 'हुकूमशाही' हा शब्द दोनदा होता. तिन्हींखाली सही एकच, 'एक हितचिंतक'.

"अगं, तेवढं समोरच्या पेटीत टाकून ये."

"सैनिक उतरवायचा नाही म्हणालात ना?"

"तू काय सैनिक आहेस?"

"मग मी कोण?"

प्राध्यापकांनी विचार केला. "टपाल," ते म्हणाले.

"म्हणजे माझे पाय मोजायचेच नाहीत," बायको म्हणाली आणि चप्पल घालून गेली. तिन्ही वेळा तीच गेली.

मग फोन. समोर पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांची गाडी मामा कायम झाडाखाली लावायला सांगत आणि झाडावर कावळे बसत.

"डॉक्टर, तुमच्यावर अन्याय होतोय असं नाही वाटत तुम्हाला?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आतापर्यंत नव्हतं वाटत," डॉक्टर म्हणाले. "पण सावली असते हो तिथे."

तीन आठवडे गेले. राजवट जागच्या जागी. पंप पाचला खोकत होता, चिंध्या फडफडत होत्या. आणि एका दुपारी दारावरची बेल वाजली.

दारात मामा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तिन्ही पत्रं.

"सर, आत येऊ का? माझ्या वाईटावर आहे कोणीतरी."

प्राध्यापकांनी पाय जरा आखडून घेतला, प्लास्टरसकट.

"अध्यक्षीणबाई म्हणतात लेखी उत्तर द्या. आता मला दोन ओळींच्या पुढे लिहिता येत नाही. तुम्ही शिकलेले. म्हटलं, सर लिहून देतील." मामांनी पत्रं टेबलावर ठेवली, लेखाच्या कागदांशेजारी. अक्षर एकच होतं. प्राध्यापकांनी घाईघाईने लेखावर वर्तमानपत्र पसरलं.

"आणि हे आणलंय तुमच्यासाठी," मामा म्हणाले. हातभर लांब, बोटाइतकी रुंद बांबूची पट्टी होती. "माझाही मोडला होता पाय. आत खाज सुटली की जीव जातो. कडा घासून घेतल्यात, लागणार नाही."

प्राध्यापकांनी पट्टी प्लास्टरमध्ये सरकवली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा ती जागा सापडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुखाचं होतं की लाजेचं, हे त्यांना त्या वेळी ठरवता आलं नाही.

"बसा मामा," ते म्हणाले. "असं उत्तर लिहितो की पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही."

आणि त्यांनी लिहिलं. जीव ओतून लिहिलं. चार पानं. नैसर्गिक न्याय आला, निनावी तक्रारींची नैतिकता आली, 'बाह्य शक्तींचा हस्तक्षेप' आला. हितचिंतकाच्या प्रत्येक मुद्द्याची त्यांनी सालं काढली, कारण मुद्दे कुठे कच्चे आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मामांनी चारही पानं हळूहळू वाचली. "सर, यात मी कुठे आहे?"

"हे सगळं तुम्हीच आहात."

"असं होय," मामा म्हणाले आणि पानं पिशवीत जपून ठेवून गेले.

चौथ्या दिवशी बायको बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच उभी राहिली.

"मामांना काढलं."

"काय? पत्रांवरून?"

"पत्रांवरून नाही. बाई म्हणाल्या, ती पत्रं मी रद्दीत टाकणार होते. पण हे उत्तर! चार पानं! त्यात 'सार्वभौमत्व' लिहिलंय! या माणसाच्या मागे कुणीतरी मोठं आहे, उद्या कोर्टात खेचेल, त्यापेक्षा आधीच मोकळं केलेलं बरं." तिने पिशवी खाली ठेवली. "जमलं तुमचं. अभिनंदन."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला प्राध्यापकांना जाग आली. पंप नव्हता. इतकी शांतता की स्वतःचं घड्याळ ऐकू येत होतं. झोप काही लागेना. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं : 'होय, बदलता येते.'

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "नळाला पाणी नाही."

समोर एजन्सीचा नवा रखवालदार आला होता, कडक इस्त्रीचा. बाईंनी पहिलं काम हितचिंतकाच्या दुसऱ्या पत्राप्रमाणे केलं, चौदाही चिंध्या काढल्या. आता चौदा व्हॉल्व एकसारखे दिसू लागले. रखवालदाराने अंदाजाने एक फिरवला, बागेत तळं झालं. दुसरा फिरवला, चौथ्या मजल्याचं पाणी गेलं. टाकी भरली हे त्याला कळेना, ती भरून वाहिली आणि पाणी गच्चीवरून थेट झाडाखालच्या गाडीवर कोसळलं. गाडीची काच उघडी होती.

दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "प्राध्यापक, तुम्ही विचारलं होतं ना? आता वाटतंय."

पण आपल्या इमारतीत पाणी का नाही? प्लंबर आला. त्याने पाईप ठोकला, कान लावला आणि हसला. "तुमची लाइन गंजून बंद पडलीय, झाली असतील दहा वर्षं. दोन्ही इमारती पूर्वी एकाच मालकाच्या. तुमची टाकी समोरूनच भरत होती. तिकडे कुणीतरी रोज तुमच्यासाठी एक व्हॉल्व उघडत असणार."

"कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"कुणी नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला माहीत नसतं का?"

दोन आठवडे बायकोने कोपऱ्यावरच्या नळावरून तीन मजले बादल्या वाहिल्या. प्राध्यापक खुर्चीत बसून हिशेबाने तोंड धुवायचे. "मी काही मदत करू?" त्यांनी एकदा विचारलंही.

"तुम्ही बसा," ती धापा टाकत म्हणाली. "फक्त एवढं सांगा, आता तरी हे पाय मोजायचे की नाही?"

प्लास्टर निघालं त्याच दिवशी प्राध्यापक काठी टेकत मामांना शोधायला गेले. मामा एका मोठ्या दुकानाच्या काचेच्या दाराशी स्टुलावर बसले होते.

"सर! पाय कसा आहे?"

"बरा आहे. तुम्ही काय करता इथे?"

"दार उघडतो. म्हणजे ते आपलं आपणच उघडतं. मी नुसता हसतो."

प्राध्यापकांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. "मामा, ती पत्रं..."

"माहीत आहे सर."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. टाकायला ताई यायच्या. पेटीशेजारीच तर बसायचो मी. मान खाली घालून टाकायच्या बिचाऱ्या."

"मग उत्तर लिहायला माझ्याकडेच का आलात?"

मामा जरा ओशाळले. "म्हटलं, ज्याची तक्रार त्यालाच उत्तर सुचेल. आणि समोर बसून बोललो तर पुढचं पत्र काही तुमच्याच्याने लिहवणार नाही."

"नाही लिहिलं मी पुढचं."

"नाही ना! म्हणजे जमलंच होतं सर." मामांनी दार उघडण्याची वाट पाहिली, एक गिऱ्हाईक आत सोडलं, हसले. "फक्त उत्तर जरा जास्तच चांगलं झालं."

प्राध्यापक काठी टेकत एक पाऊल पुढे सरकले. "परत चला मामा. मी बाईंशी बोलतो."

"नको सर, तुम्ही बोलू नका," मामा चटकन म्हणाले. मग आवाज मऊ करून, "इथे बरं आहे. पाचला उठावं लागत नाही. पण चिंध्या सांगतो, लिहून घ्या. लाल म्हणजे चौथा मजला. निळी बागेची. पिवळी तुमची, पंधरा मिनिटं, जास्त नाही. आणि टाकी भरली का हे बघायचं नसतं, ऐकायचं असतं. पाईपला कान लावा. आवाज बारीक झाला की बंद."

प्राध्यापकांनी लिहून घेतलं. लेखाची मुदत तर केव्हाच उलटली होती. मामांच्या चौदा ओळी त्यांनी त्या लेखाच्याच पहिल्या पानामागे लिहिल्या.

एजन्सीचा तिसरा रखवालदार पळाला तेव्हा बाईंनीच मामांच्या यादीच्या बदल्यात प्राध्यापकांना कुंपणाचं फाटक उघडून दिलं. पण नुसती यादी वाचून पाईपमधलं कुणाला ऐकू येत नव्हतं. म्हणून आता रोज पहाटे पाचला प्राध्यापक काठी टेकत तीन मजले उतरतात, चौदा नव्या चिंध्यांमधून लंगडत जातात, पंप लावतात आणि थंडगार पाईपला कान लावून पाऊण तास उभे राहतात. पिवळी पंधरा मिनिटं. वरच्या खिडक्यांतून कुणी कुणी ओरडतं, "अहो, झोपू द्या की!"

परवा बाई शाल गुंडाळून खाली आल्या. हातात एक घडी घातलेला कागद. "तुमच्याविरुद्ध आलंय. निनावी. तुम्हाला लिहिता चांगलं येतं, लेखी उत्तर देऊन टाका."

प्राध्यापकांनी पाईपला लावलेला कान न काढता कागद उलगडला. मजकूर दोन ओळींचाच होता.

'पहाटे पंपाचा फार आवाज होतो. तरी सदर गृहस्थांना काढू नये, हे काम त्यांच्याकडेच कायम ठेवावे. एक हितचिंतक.'

हे अक्षर तीस वर्षं ते किराणामालाच्या यादीवर बघत आले होते.

"मग? कधी देताय उत्तर?" बाईंनी विचारलं.

"उत्तर नको," प्राध्यापक म्हणाले. कागद खिशात ठेवला. पाईपमधला आवाज बारीक होऊ लागला होता. त्यांनी वाकून पंप बंद केला.