श्री सातेरी प्रसन्न यांचा अर्ज

सातव्या कंपनीचा नकार आला तेव्हा गौरवीने अर्ज पाठवून जेमतेम दोन मिनिटं झाली होती. कुकरची एक शिट्टीसुद्धा झाली नव्हती.

"दोन मिनटांत?" सासूबाई चंद्रावती म्हणाल्या. "तुझो बापूस आमच्या साईशाक बघूक इल्लो, तेणी पण चाय पियापर्यंत वेळ घेतल्यान!"

"आई, माणूस वाचीतच नाय. मशीन वाचता. मधली अडीच वर्सां रिकामी दिसली की टाकता भायर."

"रिकामी? मगे सेजल काय झाडाक लागली?"

सेजल आईच्या मांडीवर बसून उंडा पावाचा तुकडा चोखत होती. ती झाडाला लागली नव्हती. तिच्यासाठीच गौरवीने पाळी गावच्या खाण कंपनीतली स्टोअरची नोकरी सोडली होती. आता चोपडे गावातल्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि त्यांना स्टोअरकीपर हवा होता. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन लेकीला भरवून परत जाता येईल, अशी नोकरी आयुष्यात दोनदा निघत नाही. अर्जाचा शेवटचा दिवस उद्याचा होता.

"आणि हरमलच्या खोल्यांच्यो चादरी कोण मोजता? मी?" चंद्रावतींचं अजून संपलं नव्हतं. "ता लिव मां!"

गौरवी थबकली. खरंच की! सेजल झोपल्यावर तिने इंग्रजीत लिहिलं: गेली अडीच वर्षे, कुटुंबाचे पर्यटक निवास, भांडार व्यवस्था. चादरी, अभ्रे, सिलिंडर, भाड्याच्या स्कूटरची हेल्मेट, सगळ्यांची आवक-जावक. एक हेल्मेट एका पाहुण्याच्या डोक्यावर बसून परदेशी गेलं होतं, तेही तिने लिहिलं आणि मग खोडलं.

एवढ्यात सासरे कृष्णनाथ चष्मा लावून मागे उभे राहिले. त्यांनी अर्ज खालपासून वरपर्यंत पाहिला.

"देव खंय?"

कृष्णनाथांच्या घरातून देवाच्या नावाशिवाय एकही कागद कधी बाहेर पडला नव्हता. वीज खात्याकडची तक्रार असो की म्हशीच्या विम्याचा फॉर्म, सगळ्यांच्या माथ्यावर श्री सातेरी प्रसन्न.

"बाबा, मशीनाक देव कळत नाय."

"नाय कळूंदे. देवीक मशीन कळता, पुरे."

वाद घालायला वेळ नव्हता, सेजल चुळबुळ करत होती. मराठी अक्षरांचे चौकोन व्हायला लागले म्हणून गौरवीने इंग्रजी अक्षरांत सगळ्यात वर लिहिलं, 'श्री सातेरी प्रसन्न'. लेकीला खांद्यावर घेऊन एका अंगठ्याने फाइल चढवली. कंपनीच्या सॉफ्टवेअरने पुढचा फॉर्म आपणहून भरला. किती गुणाचं, असं म्हणत तिने न वाचताच पाठवून दिला.

दोन मिनिटांत मेल आली.

"माननीय श्री सातेरी प्रसन्न, आपली मुलाखतीसाठी निवड झाली आहे. आधार कार्डासह उपस्थित राहावे."

गौरवी आधी नाचली आणि मग खाली बसली. मशीनने पहिली ओळ उमेदवाराचं नाव म्हणून घेतली होती.

"बघलंय?" कृष्णनाथांची छाती फुगली. "बोलावणा देवीक इलां."

"मगे आधार कार्ड पण तिचाच काढा आता!" चंद्रावती म्हणाल्या.

गौरवीने पुन्हा अर्ज करून पाहिला. या मोबाइलवरून अर्ज आधीच आला आहे, असं उत्तर मिळालं. कंपनीला फोन केला तर तिथेही मशीनच. नावात बदलासाठी नऊ दाबा. नऊ दाबलं तर, कृपया संकेतस्थळाला भेट द्या.

मुलाखतीच्या दिवशी नवऱ्याने, साईशने, तिला कारखान्याच्या फाटकाशी सोडलं. पहाऱ्यावरचा आनंदा कोल्हापूरकडचा होता. त्याने यादीवरून बोट फिरवलं.

"गौरवी कोन न्हाई हितं."

गौरवी इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मी... सातेरी प्रसन्न."

आनंदाने तिच्याकडे पाहिलं, आधार कार्डाकडे पाहिलं.

"ताई, ह्यात तर दुसरंच नाव हाय. आत सोडलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाय सोडलं तर माझी!" ती म्हणाली. घरी सेजल रडत असेल आणि आपण मात्र दुसऱ्याच्याच नावाने फाटकावर अडकलोय, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

"रडू नका. तुमी चौथ्या हायसा." आनंदाने झाडाखालच्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिकडं बसा, बाकीच्यांसंगं."

बाकावर तिघं ओशाळून बसली होती. टोकाच्या मुलाने हळूच विचारलं, "तुझो देव खंयचो?"

"सातेरी. तुझो?"

"भगवती. ही मोरजाय. आणि ह्यो रवळनाथ. आमचो आजो ऐकणाच नाय गो!"

तेवढ्यात एचआरच्या योगिता मॅडम यादी घेऊन बाहेर आल्या. त्या बेळगावकडच्या. "आली काय सगळी देवमंडळी? चला की आत! आठवडाभर मी विचार करत होते, प्रसन्न आडनावाची एवढी माणसं एकाच तालुक्यात कशी म्हणून."

मुलाखतीत त्यांनी शेवटी विचारलं, "अडीच वर्षांत एकही वस्तू हरवली नाही?"

"एक हेल्मेट," गौरवी म्हणून गेली. "परदेशी गेलं. लिहून खोडलं मी."

योगिता मॅडम खळखळून हसल्या. "सोमवारपासून या. हरवलेलं सांगणारा स्टोअरकीपर मला अजून भेटला नव्हता."

सोमवारी ओळखपत्र मिळालं. तेही मशीननेच छापलेलं होतं. फोटो गौरवीचा, नाव श्री सातेरी प्रसन्न. आठवड्याने दुरुस्त कार्ड आलं आणि जुनं टाकून द्यायला सांगितलं गेलं. पण देवीचं नाव असलेली वस्तू कृष्णनाथ टाकू देतात थोडेच! त्यांनी कार्डाला हळदकुंकू लावलं आणि देवघरात नीट उभं करून ठेवलं.

आता रोज सकाळी गौरवी स्कूटरला किक मारते तेव्हा आत चंद्रावती सुनेच्या फोटोसमोर दिवा लावत असतात.

"माझ्यार काय वेळ इली बघ," त्या पुटपुटतात आणि हात जोडतात.

त्यांचं बघून सेजलही हात जोडते आणि आपला चोखलेला उंडा कार्डासमोर ठेवते.